मोठ्या बाईंचा ह

फळ्यावरचा 'अ' आपला आपणच लिहिला जाऊ लागला, तेव्हा तिच्या हातात चहाचा कप होता. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकवून ती बसली होती, आणि पुढे उभी राहून तिला नवा फळा शिकवत होती ती चौथीची तरुण शिक्षिका, जिला शिक्षकांच्या खोलीत आधी पाठीमागे आणि आता तोंडावरही सगळे बटणबाई म्हणत. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतले काळे फळे उतरवून प्रत्येक वर्गात हे पांढरे, बोट लावलं की जागे होणारे फळे बसवले होते, आणि ते शिकण्यासाठी एकेका शिक्षकाला दुपारी तीननंतर बटणबाईच्या हवाली केलं होतं. आज पहिलीच्या बाईंची पाळी होती. "आता बघा हं, बाई," बटणबाई म्हणाली होती, "अक्षरावर नुसतं बोट टेकवायचं. बाकी काही करायचं नाही." बोट टेकवून ती बाजूला झाली. पांढऱ्यावर एक निळी रेघ निघाली, गोल फिरली, वळणावर जराशी थबकली, पुन्हा फिरली, उभी उतरली. मग डोक्यावरची आडवी रेघ आली. ती अक्षराच्या थोडी अलीकडून सुरू झाली, थोडी पलीकडे जाऊन थांबली, आणि थांबताना टोकाशी किंचित खाली झुकली. ती झुकणारी रेघ तिने पाकिटांवर पाहिली होती, डब्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर पाहिली होती, स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती. ती आईची रेघ होती. आणि आईला जाऊन आठ महिने झाले होते.

"ओळखलंत ना?" बटणबाई हसत म्हणाली. "मोठ्या बाईंनीच लिहून दिली सगळी. याच्यात तयार अक्षरं होती, पण ती म्हणजे काय, डोक्यावरची रेघ आधी आणि मग खाली अक्षर. मोठ्या बाई म्हणाल्या, ही अक्षरं आहेत की दोरीवर वाळत घातलेले कपडे. मग गेल्या वर्षी दुपारच्या माझ्या घरी यायच्या ना, तेव्हा बसून बसून अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पुरी केली त्यांनी. तुम्हाला माहीतच असेल म्हणा."

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."

हे दोन शब्द तोंडातून कसे गेले ते तिला कळलं नाही. पण गेले, आणि एकदा गेल्यावर त्यांच्या मागे दार बंद झालं. आता काही विचारायची सोय उरली नाही. किती दुपारी, कुठल्या खोलीत, कुठल्या खुर्चीवर, चहा कोण करायचं, आई काय बोलायची, यातलं काहीही विचारलं असतं तर माहीत नव्हतं हे उघडं पडलं असतं. तिने कपातला थंड चहा संपवला आणि "पुढचं दाखव" म्हणाली. बटणबाईने पुढचं दाखवलं. मुलाने रेघेच्या मागोमाग बोट फिरवायचं, म्हणजे त्याचं अक्षर त्या अक्षरावर हिरव्या रंगात उमटतं. पान कसं पुसायचं, मोठं कसं करायचं. आणि कोपऱ्यातला हा लाल ठिपका. "याला मात्र जपून हं. हा लागला की तुम्ही जे लिहाल ते तो धरून ठेवतो, आणि आधीचं जातं. विचारतो एकदा, बदलायचं का म्हणून. हो म्हटलं की गेलं. ही अक्षरं फक्त या एका फळ्यात आहेत, माझ्याकडे दुसरी प्रत काढून ठेवायची राहिलीये, येत्या सुट्टीत काढते." ती मान हलवत होती. बटणबाईच्या बोटांकडे पाहत होती. आखूड, स्वच्छ नखांची, घाई न करणारी बोटं. या बोटांनी आईचं बोट धरून फळ्याला लावलं असेल, असं तिच्या मनात आलं.

आई दुपारची वाचनालयात जायची. निदान ती तसं सांगायची. जेवण झालं, भांडी विसळली की केस विंचरून, पिशवीत पुस्तक टाकून ती निघायची आणि साडेपाचला परत यायची. तिला आठवलं की त्या पुस्तकातली खूण हलत नव्हती. जाड, निळ्या पुठ्ठ्याचं प्रवासवर्णन होतं, आणि त्यातला कापडी दोरा कित्येक आठवडे एकाच पानावर होता. तिने ते पाहिलं होतं. आई वाचते आणि विसरते, पुन्हा तेच पान वाचते, असं तिला वाटलं होतं. तिने नवऱ्याला सांगितलं, रजा काढली आणि आईला विस्मरणाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने आईला वार विचारला, महिना विचारला, तीन वस्तू लक्षात ठेवायला सांगून दहा मिनिटांनी पुन्हा विचारल्या. आईने तिन्ही सांगितल्या आणि डॉक्टरने लिहिलेला कागद डोळ्यांपासून लांब धरून म्हणाली, "माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. तुम्ही हे अक्षर कुणाला दाखवता?" डॉक्टर हसला. तीही हसली. येताना रिकाम्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या, आणि आई खिडकीतून बाहेर बघत होती. तेव्हा सांगता आलं असतं. मी वाचनालयात जात नाही गं, एवढं एक वाक्य. विसरभोळी ठरून तपासून घेणं आईला परवडलं, पण ते वाक्य परवडलं नाही.

आणि तक्ते. ते तर तिला घरी जाताना, चौकात दिव्यापाशी उभी असताना आठवलं, आणि दिवा हिरवा होऊनही ती तशीच उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी वर्गाच्या भिंतीवर लावायला तिला अक्षरांचे बारा तक्ते हवे होते. तिने आईला विचारलं होतं. आजवर आईकडे म्हणून तिने फार काही मागितलं नव्हतं, पण हे मागितलं, आणि मागताना उगीच हसली होती, शाळकरी मुलीसारखी. आईने उजवा हात पुढे धरला, बोटांचे फुगलेले सांधे तिला दाखवले. "या हाताने? दुखतो गं. तूच लिही. तुझं चांगलं आहे." चांगलं. आई पाटी तपासून खाली शेरा मारायची तसं ते चांगलं होतं, उत्तम नव्हे. तक्ते तिने स्वतःच लिहिले. म्हणजे हात तिच्यासाठी दुखत होता. दोन गल्ल्या चालून बटणबाईकडे गेला की दुखायचा राहत होता.

"आईने अक्षरं लिहून ठेवलीयेत," घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो सफरचंद सोलत होता, साल न तोडता एका फेऱ्यात सोलायची त्याची सवय होती. "शाळेच्या नव्या फळ्यात. बोट लावलं की तिचा हात लिहितो."

"अरे वा. छान झालं की."

"मला सांगितलं नाही तिने."

"राहिलं असेल सांगायचं."

"वर्षभर राहिलं?"

त्याने साल खाली ठेवली. "तू नक्की चिडलीयेस कुणावर? आईंवर, त्या बटणबाईवर, की फळ्यावर?"

"मी चिडलेली नाहीये," ती म्हणाली आणि फोडी ठेवायला ताटली आणायला गेली, आणि कपाटासमोर उभी राहून आपण काय घ्यायला आलो ते तिला काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून आई वर्गात आली. याला दुसरा शब्द नव्हता. सकाळी हजेरी झाली की मुलं ओरडायची, "बाई, अक्षर लावा," आणि ती बोट टेकवायची आणि आईचा हात फळ्यावर उमटायचा, हाताशिवायचा. मुलं एकामागून एक पुढे येऊन, टाचा उंचावून, आईच्या रेघेवर बोट ठेवून चालत जायची. ती बाजूला उभी असायची. बाजूला उभं राहून आईला दुसऱ्यांच्या मुलांबरोबर पाहणं हे तिला नवं नव्हतं. ती सहा वर्षांची असताना याच शाळेत, आईच्याच वर्गात बसली होती, आणि पहिल्याच दिवशी घरून निघताना आईने सांगितलं होतं, तिथे मी बाई, आई नाही. ती बिचारी आज्ञाधारक होती. ती आईला बाई म्हणायची, आणि बाई बाकांमधून फिरत, वाकून, ज्याला जमत नसेल त्याचा हात आपल्या हातात घेऊन त्याच्याकडून अक्षर गिरवून घ्यायच्या. तिच्या बाकाशी आल्या की पाटी पाहून पुढे जायच्या. मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. एकदा तिने मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं, रेघ भलतीकडे नेऊन ठेवली होती. बाईंनी पाटी पाहिली, पुसली, "नीट लिही" म्हणाल्या आणि शेजारच्या मुलीचा हात धरला. शेजारच्या मुलीच्या कपाळावर बाईंच्या मोकळ्या झालेल्या बटा टेकल्या होत्या. हे चाळीस वर्षांपूर्वीचं. हे कुणाला सांगितलं तर लोक हसतील, आणि त्यांनी हसावंच, असं तिलाही वाटे. पण तीननंतर, रिकाम्या वर्गात बटणबाई शेजारी उभी राहून "असं नाही, बाई, बोट जरा हलकं" म्हणे, तेव्हा तिच्या तोंडाची चव जाई.

बोट हलकं पडत नव्हतं. खडूची सवय होती, खडूला जोर लागतो. फळा तिचं बोट कधी ओळखे, कधी ओळखत नसे. पान मोठं करायला जावं तर ते उडून जाई, पुसायला जावं तर नवंच काहीतरी उघडे. तिसरीच्या बाई दारातून डोकावून म्हणायच्या, "काय, झालं का प्रगतिपुस्तक भरून? पास का?" बटणबाई म्हणायची, "उत्तम चाललंय." उत्तम हा शब्द तिने कुठून उचलला, असा प्रश्न लगेच पडे. हल्ली ती बटणबाईकडे याच नजरेने पाही. ऐकताना मान तिरकी करते ती तिचीच का? "शिस्तीत घ्या" म्हणते ते कुणाचं? पेला दोन्ही हातांनी धरते, तसा आई धरायची, पण तशा पुष्कळ बायका धरतात. रस्त्यात पडलेलं नाणं आपलंच आहे असं वाटून माणूस उलटसुलट करून बघतो तसं ती त्या मुलीला बघत होती. मुलगी काही लपवत नव्हती, हेच जास्त लागत होतं. ती सहज, बोलता बोलता म्हणून जायची, "हे मोठ्या बाईंना आवडायचं नाही," "इथे मोठ्या बाई अडायच्या," आणि पुढे जायची, जणू ते दोघींचं सामायिक होतं. पहिलीत असताना मोठ्या बाईंनी तिला शिकवलं होतं. म्हणजे तिचाही हात धरला असणारच.

फळ्यावरची अक्षरं थांबत थांबत लिहिली जात. प्रत्येक वळणाशी निळी रेघ क्षणभर अडे. सुरुवातीला ते पाहून तिचा जीव कळवळे, मग हळूहळू तिला त्यात एक आंबट समाधान सापडलं. दुखतच होता तर हात. फुकट नव्हतं दिलं हिलाही. वळण आलं की कळ यायची, आई थांबायची, ओठ मिटून घ्यायची आणि पुढे जायची. चाळीसेक मुलं बोट ठेवून त्या कळेवरून चालत जात होती आणि कुणालाच माहीत नव्हतं, तिच्याखेरीज. एवढं एक तरी तिचं होतं.

दुसऱ्या आठवड्यात, पालक वर्ग पाहायला येणार होते त्याच्या आदल्या सोमवारी, ती एकटी सराव करत बसली. बटणबाईला मुख्याध्यापिकांनी बोलावलं होतं. वर्गात झाडलोट झालेली होती, बाकं सरळ होती, खिडकीतून मैदानावरच्या दोरीउड्यांचा फटफट आवाज येत होता. तिने 'ह' लावला. ह हे अवघड अक्षर. त्याच्या पोटात एक गाठ असते आणि खाली शेपूट, मुलं गाठ विसरतात किंवा शेपूट भलतीकडे नेतात. आईने तो लिहिला, थांबत थांबत. तिने पुन्हा लावला. आईने पुन्हा तसाच लिहिला, अगदी तसाच, आणि तिला एकदम वाटलं की हे शंभर वेळा लावलं तरी आई आपल्यासाठी म्हणून एकदाही वेगळं काही करणार नाही. तिने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. आपण शिकतोय, असं तिने स्वतःला सांगितलं. शिकायला आलेल्या माणसाने सगळी बटणं दाबून पाहायला हवीत. मग तिने ह लिहिला. बोट त्या दिवशी पहिल्यांदाच हलकं पडलं. वळणावर कुठेही न अडता, एका दमात, गाठ, शेपूट, डोक्यावरची रेघ. छान आला. फळ्याने विचारलं, बदलायचं का. दोन चौकोन होते, हो आणि नाही, दोन्ही सारख्याच आकाराचे. दोरीउड्या थांबल्या होत्या. तिने हो वर बोट टेकवलं, आणि ते इतकं सहज, इतकं बिनआवाजाचं झालं की झालं असं वाटेचना. तिने खात्री करायला ह लावून पाहिला. तिचा हात लिहिला गेला. तिने फळा बंद केला आणि हात धुवायला गेली, खडू नसताना.

घरी जाताना आनंद झाला होता का, हे तिने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. झाला होता. तेवढ्यापुरता, जिन्याच्या पहिल्या मजल्यापर्यंत. अठ्ठेचाळीसांतलं एक माझं, असं काहीतरी. दुसऱ्या मजल्यावर तिला बसावं लागलं. रस्त्यात गाडीखाली काहीतरी आलं आणि मागे वळून पाहायचा धीर होत नाही, तसं तिला झालं. नवऱ्याने दार उघडून "लिफ्ट बंद आहे का?" विचारलं, ती "हो" म्हणाली. एक खोटं दुसऱ्याला जागा करून देत होतं.

मंगळवारी मुलांनी ह गिरवला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. एकेक मूल आलं, बोट फिरवलं, टाळ्या झाल्या. तिला हायसं वाटलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं की आईचं एवढं अक्षर गेलं आणि जग होतं तसंच आहे. शेवटी वर्गातली ती मुलगी उठली जिला सगळे गोगलगाय म्हणत. गोगलगाय म्हणू नका, असं तिने वर्गाला चारदा बजावलं होतं, पण मुलगी स्वतःच त्या हाकेला ओ देई. तिचं सगळं सावकाश चालायचं, दप्तर उघडणं, डबा संपवणं, हसणंसुद्धा. जुन्या फळ्यावर तिने कधी काही लिहिलं नव्हतं. या फळ्यावर मात्र ती रोज पुढे यायची, आणि तिची अक्षरं हिरवी व्हायची. आज तिने ह वर बोट ठेवलं. निळी रेघ निघाली, बोट निघालं, पहिल्या वळणावर रेघ पुढे गेली आणि बोट मागे राहिलं. तिने हात काढला, पुन्हा लावला. पुन्हा तसंच. मुलं खुसखुसली. ती मागे वळली, तक्रार नव्हती तिच्या चेहऱ्यावर, नुसतं आश्चर्य होतं.

"बाई, हा थांबत नाही."

"कोण थांबत नाही?"

"हा. बाकीचे सगळे माझ्यासाठी थांबतात."

ती "बस जागेवर" म्हणाली, आणि गणिताची पुस्तकं काढायला सांगितली. गणिताचा तास कसा गेला तिला ठाऊक नाही. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळाली तेव्हा तिने दार लोटून घेतलं आणि अ पासून एकेक अक्षर लावलं. या वेळी तिने मनातल्या मनात आकडे मोजले. पहिलं वळण, एक, दोन. दुसरं वळण, एक, दोन. ग, एक, दोन. झ ला चार वळणं, चारही ठिकाणी एक, दोन. कळ अशी मोजून येत नाही. कळ कधी लांबते, कधी चुकवते, बोट थरथरतं. इथे रेघ कुठेही थरथरली नव्हती. आई वळणाशी जाऊन उभी राहत होती आणि मागून येणाऱ्या लहान बोटाची वाट बघत होती. समोर कुणीही मूल नसताना, कुणाच्या तरी घरात दुपारची बसून, जे मूल अजून शाळेतही आलं नव्हतं त्याच्यासाठी थांबत होती. आणि ती हे सगळं आठवडाभर पाहत होती, रोज, हाताची घडी घालून, आणि तिला त्यात फक्त आपल्याला नाकारलेला एक दुखरा हात दिसला होता. सव्वीस वर्षं पहिलीला शिकवून.

तीन वाजता बटणबाई आली, तिच्या हातात वायरचं भेंडोळं होतं. पालक येणार म्हणून ती प्रत्येक वर्गातला फळा तपासत फिरत होती.

"मोठ्या बाईंचा ह मी पुसला," ती म्हणाली.

बटणबाई वायर सोडवत होती. "पुसला म्हणजे?"

"त्यावर माझा लिहिला. त्याने विचारलं बदलायचं का. मी हो म्हटलं."

"चुकून?"

खोटं अगदी हाताशी होतं, गुळगुळीत, तयार. "नाही," ती म्हणाली. "चुकून नाही."

बटणबाईने भेंडोळं टेबलावर ठेवलं. फळ्यापाशी जाऊन ह लावला, तो पाहिला, पुन्हा एकदा लावला. मग ती पहिल्या बाकावर बसली. तिचे गुडघे त्या बाकात सहज मावले. बोलली तेव्हा तिचा आवाज वर्गात मुलांशी बोलायचा नव्हता. "दुसरी प्रत नाहीये त्याची."

"माहीत आहे. तू सांगितलं होतंस."

"नऊ दुपारी लागल्या होत्या त्याला एकट्याला."

तिला वाटलं, आता ही मुख्याध्यापिकांकडे जाईल, आणि गेली तर बरं होईल. पण बटणबाई नखाने बाकावरचा डिंक खरवडत बसली.

"आणि मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आई तुझ्याकडे येते ते. पहिल्या दिवशी हो म्हटलं, ते खोटं होतं."

"ते आलं होतं माझ्या लक्षात. तेव्हा नाही, नंतर."

"कशावरून?"

"तुम्ही एकदाही काही विचारलं नाहीत त्यांच्याबद्दल. माहीत असतं तर विचारलं असतंत." तिने डिंकाची गोळी करून कोपऱ्यात टाकली. "मग मलाच कसंतरी वाटायला लागलं. मी काहीतरी पळवलंय असं."

भेटायला आलेली माणसं आठ महिने तिला एकच सांगत होती, तुमच्याबद्दल फार बोलायच्या हो. शेजारच्या काकूंनी सांगितलं, वाचनालयातल्या बाईंनीसुद्धा सांगितलं, ज्यांच्याकडे आई जातच नव्हती. आता हीदेखील तेच सांगेल, आणि आपण डोळे पुसू, आणि सगळं गोड होऊन मिटेल. तिने तिला वाट करून दिली. "माझ्याबद्दल काय म्हणायची?"

बटणबाई विचार करू लागली, खराच विचार. "खरं सांगू का, बाई? काही विशेष नाही. तुमचं नाव निघायचं नाही फारसं. त्या आपल्या पाटीशीच बोलायच्या सारख्या."

"फळ्याशी?"

"तेव्हा घरी छोटी पाटी होती ना माझ्याकडे, काचेची, तिच्याशी. गाढवा म्हणायच्या तिला. बोट लागलं नाही की 'अगं गाढवा, इथे आहे मी'. आणि चुकायच्या किती, बाई. मला आधी भीतीच वाटायची, आता या चिडणार, उठून जाणार. पण नाही. हसत सुटायच्या. एकदा तर इतक्या हसल्या की मी पाणी आणायला धावले."

ती ऐकत राहिली. आई चुकायची. हे वाक्य तिने मनात दोनदा म्हणून पाहिलं, आणि ते एखाद्या परक्या बाईबद्दलचं वाटलं. तिच्या आईने पत्र लिहायचं तर आधी मागच्या कागदावर लिहून पाहिलं, मग चांगल्यावर. भाजी करपली तर ती कुणाच्या नजरेस पडायच्या आत भांडं घासून झालेलं असायचं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत सकाळी ती खोलीत यायच्या आधी आईने परिचारिकेकडून केस विंचरून घेतलेले असत. चाळीस वर्षं तिने त्या बाईला बरोबर असलेलंच पाहिलं होतं. तिने मत्सर केला होता तो दुपारींचा, हाताचा, अक्षरांचा. तो सगळा पोरकट होता असं तिला आता वाटलं, कारण खरी गोष्ट निराळीच होती. या मुलीने आईला चुकताना पाहिलं होतं. आईने ते तिला पाहू दिलं होतं, पुन्हा पुन्हा, नऊ दुपारी एका अक्षरावर. पोटच्या मुलीसमोर जे कधी झालं नाही ते परक्या घरात काचेच्या पाटीसमोर झालं, आणि कदाचित मुलीसमोर होणारच नव्हतं, म्हणूनच त्या दोन गल्ल्या चालून जावं लागलं. हा मत्सर पहिल्यापेक्षा मोठा होता, आणि त्यात कुणाचा दोष सापडत नव्हता.

"ते चुकलेले ठेवलेयस कुठे?"

"नाही. सगळे पुसायला लावायच्या रोज, उठायच्या आधी. 'एकही ठेवायचा नाही' म्हणायच्या." बटणबाईने तिच्याकडे पाहिलं. "ह आता तुम्हालाच लिहावा लागणार, बाई. उद्या पालकांच्या आधी. थांबत थांबत."

"लिहिते. एक, दोन मोजून. ते कळलंय मला." ती खुर्चीवरून उठली आणि पहिल्या बाकावर, बटणबाईच्या शेजारी, गुडघे दुमडून बसली. "पण त्याआधी मला दाखव."

"काय?"

"कशी चुकायची ते."

बटणबाईला वाटलं ही आपली थट्टा करते आहे. मग तिला तसं वाटेनासं झालं. ती उठली, तिने फळ्यावर कोरं पान आणलं, उजव्या हाताची बोटं थोडी आखडून घेतली आणि पहिलं बोट तिरकं धरलं. "सुरुवात चांगली करायच्या," ती म्हणाली. निळी रेघ खाली आली, वळली, गाठीपाशी पोचली, आणि गाठ पडायच्या ऐवजी बोट घसरून अक्षराच्या बाहेर लांबवर जाऊन थांबलं. "आणि मग म्हणायच्या..." ती अडखळली.

"म्हण."

"'मेला जिन्यावरून पडला.' आणि हसायच्या. असं." बटणबाईने खांदे हलवले, नाकातून, आवाज दाबत, धाप लागल्यासारखं हसून दाखवलं. ते तिचं स्वतःचं हसू नव्हतं. ते आईचं असेल. बाकावर बसलेल्या तिने ते कान देऊन ऐकलं, त्यात ओळखीचं काही सापडतं का ते शोधलं, आणि काहीच सापडलं नाही. हे हसू तिने कधी ऐकलंच नव्हतं. ते आईचं होतं हे तिला या मुलीच्या शब्दावरच धरून चालावं लागणार होतं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

बटणबाईने पान पुसलं, बोटं आखडून घेतली, आणि अगदी मन लावून पुन्हा चुकायला सुरुवात केली.